बिऱ्हाडकरू : मुंबईतल्या पहिल्या घराची चार पिढ्यांची गोष्ट

मागच्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या एका रविवारी माझी मुलगी आणि जावई आमच्याकडे डोंबिवलीला आले, तेव्हा जावयांच्या हातात एक कागद होता. त्यावर हिशेब मांडलेला होता. ठाकुर्लीच्या बाजूला नव्या इमारतीत एका शयनगृहाचे घर, किंमत 52 लाख. बँक ऐंशी टक्के देणार. उरलेली रक्कम, मुद्रांकशुल्क आणि नोंदणी धरून चौदा लाखांच्या आसपास रोख हवे, आणि मग वीस वर्षे दरमहा 36,000 रुपये हप्ता. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 78,000. कागद वाचून मी गप्प बसलो. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, पणजोबा तर गिरणीत होते ना? त्यांनी लालबागला घर कसं घेतलं?’’

मी म्हटले, ‘‘त्यांनी घेतलं नव्हतं. ते बिऱ्हाडकरू होते.’’

तिला तो शब्द ऐकून हसू आले. विंचवाचे बिऱ्हाड तिला शाळेतल्या म्हणीपुरते माहीत होते. ‘बिऱ्हाडकरू’ हा मुंबईच्या रोजच्या बोलण्यातला शब्द होता, मालकाच्या वहीत आणि पावतीवर तो छापला जात असे, हे तिला सांगावे लागले. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आजोबांच्या भाडेपावत्या तीत आहेत. सर्वांत जुनी 1938 सालची. खोलीचे भाडे 7 रुपये 8 आणे. तेव्हा आजोबा तीसच्या आसपास कमवत. म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा. जावयांच्या कागदावर हेच प्रमाण जवळजवळ निम्मे होते, आणि ते चौदा लाख आधी उभे केल्यानंतरचे.

मी व्यवसायाने इतिहासकार नाही. छापखान्यात हिशेबनीस म्हणून सत्तावीस वर्षे काढली, आणि वाचन केले ते संध्याकाळी दादरच्या ग्रंथसंग्रहालयात नि रजेच्या दिवशी पुराभिलेखागारात. पण मुलीच्या त्या प्रश्नाने मला वर्षभर कामाला लावले. गरीब माणूस मुंबईत कसा राहिला यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला कोडे पडले होते ते जरा वेगळे : नवे लग्न झालेल्या जोडप्याला या शहरात पहिले पाऊल टेकवायला जागा कुठे मिळत असे, आणि ती जागा गेली कुठे?

*

कोकणातून आलेल्या माणसाचे मुंबईतले पहिले घर म्हणजे घर नसेच. गावकऱ्यांच्या मंडळाची खोली असे. गावाने वर्गणी काढून भाड्याने घेतलेली एक खोली, तीत भिंतीला लागून ट्रंका, दोरीवर कपडे आणि पाळीप्रमाणे झोपणारी माणसे. रात्रपाळीचा घरी आला की दिवसपाळीचा उठून गेलेला असे. जेवायला खानावळवाली. आजोबा गावाहून आल्यावर नऊ वर्षे अशा खोलीत राहिले. घरात दोन लग्ने झाली, त्यातले एक त्यांचे स्वतःचे. आजी गावीच होती. ती मुंबईला यायची ठरली तेव्हा खोली शोधणे भाग पडले.

खोली मिळवायला काय लागले? मंडळातल्या एका वयस्क जॉबरने मेहत्याकडे शब्द टाकला आणि एका महिन्याचे भाडे आगाऊ दिले. मेहता म्हणजे मालकाचा भाडेवसुलीचा माणूस. माझ्या वडिलांनी ही हकिकत शंभर वेळा सांगितली असेल, पण तीत पैशांचा आकडा याहून मोठा कधी आला नाही.

मुंबईत हे भाड्याचे जग एकाएकी तयार झालेले नव्हते. 1896 साली प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले, आणि सरकारचे लक्ष पहिल्यांदा दाटीच्या वस्त्यांकडे गेले. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याच्या जमिनी आखल्या, आणि आग्रीपाडा, परळ अशा ठिकाणी चाळी बांधल्या. पण सुरुवातीच्या वर्षांत त्याने गरिबांसाठी बांधले त्याहून पाडले जास्त. शहरसुधारणेचा हा स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

तरी या ट्रस्टच्या चाळींचे एक मोल विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 पासून दोन दशकांहून अधिक काळ परळच्या पोयबावडीजवळच्या बीआयटी चाळीत राहिले. दुसऱ्या मजल्यावर, समोरासमोरच्या दोन खोल्यांत. परदेशातून शिकून आलेल्या याच माणसाला 1917 साली बडोद्यात राहायला जागा मिळू शकली नाही आणि पारशी वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. खाजगी चाळीचा मालक आधी जात विचारत असे. माझ्या आजोबांना ‘शब्द टाकून’ खोली मिळाली, ती त्यांच्या जातीचा आणि गावाचा माणूस आत होता म्हणून. ज्यांच्यासाठी आत कोणी नव्हते, त्यांना सरकारी मालकाच्या चाळीच उपयोगी पडल्या. स्वस्त भाड्याच्या जुन्या काळाबद्दल हळवे होताना मी हे स्वतःला बजावत असतो.

*

पहिल्या महायुद्धात मुंबईत गिरण्यांना तेजी आली, माणसे लोटली आणि भाडी भडकली. 1918 साली युद्धकाळापुरता म्हणून भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. पाठोपाठ गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या, असा बेत होता. खर्चाचा काही भाग शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसवून काढायचा होता. कापसावर ज्यांची भरभराट झाली त्या धंद्याने कामगारांच्या घरांना हातभार लावावा, ही कल्पना आजही मला धाडसाची वाटते.

बांधकाम झाले ते 207 चाळींचे : वरळीला 121, नायगावला 42, डिलाइल रोडला 32 आणि शिवडीला 12. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले, चाळीत 80 खोल्या, खोली साधारण 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. एकूण साडेसोळा हजार खोल्या, म्हणजे उद्दिष्टाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यावर काम थांबले.

आणि गंमत अशी की, घरांची एवढी टंचाई असताना वरळीच्या हजारो खोल्या रिकाम्या पडल्या. मुंबईच्या लेबर ऑफिसने काढलेल्या ‘लेबर गॅझेट’चे जुने अंक चाळताना त्या काळच्या कामगारांच्या घरखर्चाचा अंदाज येतो, खोलीभाडे थोडे जरी चढले तरी ते धान्यातून काढावे लागत होते. सरकारी भाडे खर्चाच्या मानाने कमी होते, पण कामगाराच्या खिशाच्या मानाने जास्त. वरळी तेव्हा गिरणगावाच्या कडेला, बाजारापासून दूर. काँक्रीटच्या खोल्या उन्हाळ्यात तापत. पाणी-दिव्याच्या सोयी अपुऱ्या. 1930 च्या कायदेभंगात तुरुंग भरले तेव्हा या रिकाम्या चाळींचा काही भाग सरकारने चक्क तुरुंग म्हणून वापरला. राहायला कोणी येत नव्हते, तिथे सत्याग्रही आणून ठेवले.

घर बांधले म्हणजे ते राहण्याजोगे आणि परवडण्याजोगे होतेच असे नाही, हा धडा मुंबई सरकारला तेव्हाच मिळाला होता. कापड गिरण्या पुन्हा चालायला लागल्या, माणसे वाढली, तशा त्या खोल्या भरल्या. पण त्याला दशक लागले.

पांढरपेशांचे चित्र थोडे निराळे. 1912 चा सहकार कायदा आल्यावर रावबहादूर तालमकी यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने सहकारी घरांची चळवळ सुरू झाली आणि 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. स्वतःचा संडास, मोरी आणि स्वयंपाकघर एकाच दाराआड असलेला ‘ब्लॉक’ मुंबईकर मध्यमवर्गाला इथून माहीत झाला. पुढे दादर, माटुंगा, शिवाजी पार्क इथे ट्रस्टने आखलेल्या भूखंडांवर अशा ब्लॉकांच्या इमारती झाल्या. मात्र लक्षात घ्यायचे ते हे की, त्यांतही बहुतेक रहिवासी भाडेकरूच होते. ज्याच्याकडे पैसा होता तो इमारत बांधी आणि ब्लॉक भाड्याने देई. नवा कारकून नव्या बायकोला घेऊन ‘टू लेट’ची पाटी बघत हिंडे. पाटी असे, हे महत्त्वाचे.

*

ती पाटी कधी उतरली, याचे उत्तर शोधताना मी आमच्याच घरात येऊन पोहोचलो.

दुसऱ्या महायुद्धात भाडी पुन्हा भडकली. स्वातंत्र्य आले त्याच वर्षी, 1947 मध्ये, ‘बॉम्बे रेंट ॲक्ट’ झाला. त्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाणभाडे’ म्हणून गोठवले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे जवळजवळ अशक्य केले. तो अन्याय्य होता असे मी म्हणणार नाही. फाळणीने आलेले लोक, युद्धाची महागाई, मालकांची मनमानी हे सगळे खरे होते. तो नसता तर आजोबा रस्त्यावर आले असते. कायदा तात्पुरता म्हणून आला, मुदती वाढत गेल्या, आणि तो पन्नासहून अधिक वर्षे टिकला.

आमच्या पेटीतल्या पावत्या एकापुढे एक लावल्या की हा इतिहास दिसतो. 1938 : 7 रुपये 8 आणे. 1950 : 7 रुपये 8 आणे. दशमान नाणी आल्यावर : 7 रुपये 50 पैसे. 1969 नंतर दुरुस्ती मंडळाचा उपकर आला, पालिकेचे कर वाढले, तेवढेच वर चढले. 1999 सालची पावती 38 रुपयांची आहे. त्या वर्षी लालबागच्या नाक्यावर चौघांनी मिसळपाव खाल्ली तर तेवढे होत. या पैशांत मालकाने जिना दुरुस्त करावा अशी अपेक्षा आम्ही करत होतो, आणि तो करत नाही म्हणून त्याला शिव्याही देत होतो. दुरुस्ती मंडळ स्थापन झाले तेव्हा दक्षिण मुंबईत उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची संख्या 19,642 होती. त्यांच्यातल्या बहुतेकांचा हाच पाढा.

मग मालकाने काय केले? तेच, जे कोणीही केले असते. रिकामी झालेली खोली भाड्याने देणे थांबवले आणि ती पागडीवर देऊ लागला. पागडी म्हणजे पावती नसलेली मोठी रक्कम, काळ्या पैशांत, एकदम. ती दिली की नाममात्र भाड्याची पावती मिळे. भाडेकरू खोली सोडताना पुढच्याकडून पागडी घेई आणि तीत मालकाचा वाटा असे. गुन्हा होता, सर्वांना ठाऊक होता, आणि 1999 च्या नव्या कायद्याने अखेर तो कायदेशीर केला.

माझ्या वडिलांचे लग्न 1966 सालचे. ते त्याच गिरणीत विणकर होते, पगार दोनशेच्या आसपास. लग्नानंतर त्यांनी शेजारच्या चाळीत खोली विचारली. मालकाच्या माणसाने 5,000 पागडी सांगितली. दोन वर्षांचा पगार. आजोबांच्या वेळेस एका महिन्याचे भाडे आणि जॉबरचा शब्द पुरला होता, अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी मुलाला तीच खोली पंचवीस महिन्यांच्या पगाराला पडत होती. वडिलांनी नाद सोडला. आमच्या खोलीत माळा काढला गेला, आडवा पडदा लागला. मी त्या पडद्याआड जन्मलो. खोलीत तेव्हा अकरा माणसे होती.

1970 मध्ये राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट आला. चाळीतल्या भरल्या घरात नवविवाहित जोडप्याला एकमेकांशी दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही, यावर तो बेतलेला होता. लोक हसले. बासू चॅटर्जींनी 1972 मध्ये त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ काढला, तेव्हा सगळा देश हसला. माझी आई तो चित्रपट बघायला गेली नाही. ती म्हणायची, ‘‘त्यात बघायचं काय? घरी आहे की.’’

घरांच्या टंचाईचे खापर सर्वसाधारणपणे लोकसंख्येवर फोडले जाते. माझे मत वेगळे आहे. आत असलेल्या माणसाला संरक्षण देण्यात आपण इतके गुंतलो की बाहेर उभ्या असलेल्याचा विचार सुटला. 1973 साली तर असे झाले की, 1 फेब्रुवारीला ‘लीव्ह अँड लायसन्स’वर जो जागेत होता, तो कायद्याने आपोआप भाडेकरू ठरला. त्या दिवशी आत होता त्याचे भले झाले, आणि दुसऱ्या दिवशी जागा शोधायला निघालेल्या जोडप्याला मालकाने दार उघडायचे बंद केले. आम्ही आत होतो. माझे आजोबा, वडील, मी, तिघेही. आमच्या 38 रुपयांची किंमत कोणीतरी मोजत होते. ते कोण, हे मला मुलीचा कागद वाचेपर्यंत कळले नव्हते.

मालकाची बाजू घेतो आहे असे वाटेल. तसे नाही. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेही गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. पण भाडे वाजवी दराने वाढत ठेवून भाडेकरूलाही सुरक्षित ठेवणारा मधला रस्ता पन्नास वर्षांत आपल्याला सुचला नाही, ही चूक मालकाची नाही आणि भाडेकरूचीही नाही.

*

भाड्याची वाट बुजली तेव्हा दुसरी वाट काढली गेली : विकत घ्या.

खरे म्हणजे सरकारने आधी भाड्याचीच घरे बांधली. मुंबई हाउसिंग बोर्ड 1949 पासून कामाला लागले. 1952 च्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतून चेंबूर, विक्रोळी अशा भागांत वसाहती झाल्या. टिळकनगर, कन्नमवारनगर ही नावे मुंबईकरांना परिचित आहेत. कामगार तिथे भाड्याने राहत. पुढे भाडे वसूल करणे आणि इमारती सांभाळणे सरकारला जड झाले, आणि त्या रहिवाशांच्या सोसायट्यांना मालकीने देण्यात आल्या. राहणारे सुखावले. भाड्याचा साठा मात्र तेवढा कायमचा कमी झाला.

खाजगी क्षेत्रात मालकी हक्काच्या फ्लॅटची पद्धत रुळली आणि तिला वळण लावायला 1963 चा ‘मोफा’ कायदा आला. 1977 हे या गोष्टीतले वळणाचे वर्ष आहे. त्या वर्षी हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली, पगारदार माणसाला घरासाठी कर्ज देणे हाच एकमेव धंदा असलेली कंपनी. त्याच वर्षी जुनी मंडळे एकत्र करून म्हाडा कामाला लागली. आणि त्याच वर्षी भीमसेन यांचा ‘घरौंदा’ पडद्यावर आला : मुंबईत फ्लॅट घेण्यासाठी पैसे साठवणारे प्रेमिक, पैसे घेऊन पळणारा बिल्डर, आणि मग दोघांच्या नात्याची झालेली दशा. सात वर्षांपूर्वीच्या चित्रपटातल्या जोडप्याला कोपरा हवा होता, या जोडप्याला मालकी हवी होती. दोन चित्रपटांच्या मध्ये शहराची कल्पना बदललेली दिसते.

सिडकोने 1970 नंतर खाडीपलीकडे नवी मुंबई उभारली. चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये ऐंशीच्या दशकात लहान भूखंड, लहान घर आणि पुढे ऐपतीप्रमाणे वाढवायची मुभा, असा प्रयोग केला. पहिल्या घराची ती फार सुज्ञ कल्पना होती. पण ती साडेपाचशे कुटुंबांपाशी थांबली.

बाकीचे आमच्यासारखे लोक लोकलने पांगले. 1982 चा संप झाला, वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली ती नावापुरती. मी 1995 मध्ये लग्न केले आणि 1997 मध्ये डोंबिवलीत 410 चौरस फुटांचा फ्लॅट घेतला. व्याज शेकडा 15. बायकोच्या चार बांगड्या आणि माझा प्रॉव्हिडंट फंड सुरुवातीच्या रकमेत गेला. ते सगळ्यांचेच गेले. तेव्हा असे वाटले की, वडिलांना जमले नाही ते आपण केले. आता दिसते ते असे की, भाड्याची खोली मिळत असती तर पहिली पाच-सात वर्षे आम्ही ते ओझे न उचलता काढली असती.

केंद्राच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत एक आकडा आहे. भारतातल्या शहरांत 1961 मध्ये 54 टक्के घरे भाड्याची होती. 2011 मध्ये 28 टक्के. त्याच 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. म्हणजे आपल्या शहरांत आता कुलूप लावलेली घरे आहेत आणि त्यांच्या खाली जागा शोधणारी माणसे आहेत. वरळीच्या चाळी 1930 च्या आधी रिकाम्या होत्या, त्या भाडे परवडत नव्हते म्हणून. ही घरे रिकामी आहेत, त्यांतली बरीचशी भाड्याने द्यायची भीती किंवा गरजच नाही म्हणून.

*

आमच्या खोलीचे काय झाले ते सांगायला हवे. 2006 मध्ये चाळ पुनर्विकासाला गेली आणि भाडेकरू म्हणून वडिलांच्या नावावर 225 चौरस फुटांचे मालकीचे घर फुकट आले. मूळची पावती 7 रुपये 8 आण्यांची. 2012 मध्ये भावंडांनी ते घर 36 लाखांना विकले, वडिलांच्या वाट्याला नऊ लाख आले. त्यातून माझ्या मुलीचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले. म्हणजे भाडेनियंत्रणाचा अखेरचा हप्ता तिलाच मिळाला. हे तिला सांगितले तेव्हा ती बराच वेळ पावतीकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘‘मग तक्रार कुणाकडे करायची?’’

वडिलांनी गिरणी कामगारांच्या घरांसाठीही अर्ज भरला होता. 2012 च्या सोडतीत 6,925 घरे होती. वडिलांचे नाव निघाले नाही. ते गेले 2017 मध्ये.

सरकारला भाड्याच्या घराची आठवण मधूनमधून होते. 2008 मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. खोली किती? 160 चौरस फूट. बीडीडीच्या खोलीएवढीच, फक्त संडास आत. तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. नव्वद वर्षांनी शहराला पुन्हा त्याच मापाची खोली हवीशी वाटली होती, आणि मला त्यात कमीपणा वाटला नाही. पहिले घर लहानच असते. पण काही वर्षांतच योजनेचे धोरण बदलले, भाड्याऐवजी विक्रीकडे ते वळले. पनवेलजवळ कोन इथे बांधलेल्या इमारतींत दोन-दोन खोल्या जोडून 320 चौरस फुटांची घरे केली आणि 2016 मध्ये ती गिरणी कामगारांना सोडतीने विकायला काढली. ताबा मिळण्याआधी करोना आला. वरळीच्या रिकाम्या चाळींचा 1930 साली तुरुंग झाला होता, कोनच्या रिकाम्या इमारतींचे 2020 मध्ये विलगीकरण केंद्र झाले. पैसे भरून बसलेले म्हातारे कामगार आणखी थांबले.

आणि वरळी? 2025 च्या ऑगस्टच्या 14 तारखेला तिथल्या पुनर्विकासातल्या पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. 160 फुटांच्या खोलीतून 500 फुटांच्या मालकीच्या घरात. टीव्हीवर एक आजी नव्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून हात फिरवत होत्या. त्यांना ते मिळायलाच हवे होते. तीन-चार पिढ्या त्यांनी सामाईक संडासापुढे रांगा लावल्या आहेत. पण साडेसोळा हजार भाड्याच्या खोल्या जेव्हा मालकीच्या होऊन संपतील, तेव्हा उद्या गावाहून किंवा डोंबिवलीच्या आईबापाच्या घरातून निघालेल्या जोडप्यासाठी त्या परिसरात भाड्याने अशी एकही सरकारी खोली उरणार नाही. हा प्रश्न किल्ल्यांच्या समारंभात कोणी विचारण्याजोगा नव्हता, हेही मला मान्य आहे.

*

मुलीने आणि जावयांनी ठाकुर्लीचा फ्लॅट घेतला नाही. जानेवारीपासून ते कळव्याला भाड्याने राहतात. दोन महिने जागा बघितल्या. एका सोसायटीत मांसाहार करता का विचारले, दुसरीकडे आडनावाचा उच्चार दोनदा करायला लावला. आजोबांच्या वेळचा मेहता आता व्हॉट्सॲपवर आहे, एवढेच.

करारावर सही करायच्या आदल्या रात्री तिने तो मला वाचायला पाठवला. अकरा महिने. अनामत सत्तर हजार. दरवर्षी भाडेवाढ. कुठेही ‘भाडेकरू’ हा शब्द नाही. माझी मुलगी त्यात ‘परवानाधारक’ आहे. 1999 च्या कायद्यानुसार परवान्याची मुदत संपली की जागा सोडायची. मालकाला भीती नाही म्हणून त्याने दार उघडले, तेवढा फायदा खरा. पण परवानाधारकाला बिऱ्हाड मांडता येत नाही. तिने भिंतीला खिळा ठोकायला परवानगी मागितली, ती मिळाली नाही.

आजोबांची 1938 ची पावती तिने मागून नेली आणि काचेत बसवून घेतली. खिळा नसल्यामुळे ती फ्रिजवर उभी ठेवलेली आहे. शाईचे अक्षर अजून स्पष्ट आहे : बिऱ्हाडकरूचे नाव, खोली नंबर, मुदतीच्या रकान्यात एक आडवी रेघ.

त्यांचा करार नोव्हेंबरअखेर संपतो. मालकाला जागा मुलासाठी हवी आहे, असे त्याने दसऱ्याला कळवले. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दोघे पुन्हा जागा बघत असतील.